चित्राची किंमत छापता, तसं त्याचं मोजमापही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च २०२५ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं. आमच्याकडे आलेल्या पेपरात बातमी ठळक होती, आकडा त्याहून ठळक होता आणि चित्र काडेपेटीएवढं. नववीच्या मुलांनी ते कात्रण वर्गात आणलं. चित्रात काय आहे ते त्यांना कळायला मार्गच नव्हता. मी सांगितलं की १९५४ सालचं हे चित्र जवळजवळ चौदा फूट लांब आहे आणि त्यात गावातल्या जगण्याचे तेरा वेगवेगळे प्रसंग आहेत. एका मुलानं लगेच उठून भिंतीलगत पावलं टाकून चौदा फूट मोजून दाखवले. मग खरे प्रश्न सुरू झाले. बाई, एवढ्या मोठ्या चित्राला सुरुवात कुठून करतात? मधेच बिघडलं तर? तेरा प्रसंग एकत्र कसे बसवले?

हे प्रश्न काम शिकू पाहणाऱ्या माणसाचे आहेत. त्यांची उत्तरं मराठी वर्तमानपत्रांत फार क्वचित वाचायला मिळतात, म्हणून हे पत्र. मी इचलकरंजीत माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. मला लिहायचं आहे ते आज आपल्यात असलेल्या, हाताच्या अंतरावर असलेल्या एका चित्रकाराबद्दल, ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांबद्दल. त्यांच्यावर मराठीत लेख येतात, नाही असं नाही. पण बहुतेक लेख 'सामान्य माणसाचा चित्रकार' एवढ्यावर येऊन थांबतात. ते खरंच आहे, पण हातात पेन्सिल धरून बसलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? सामान्य माणूस विषय म्हणून कोणीही निवडेल. तो कागदावर उभा कसा राहतो, त्याच्या पायाखाली जमीन आहे असं कशामुळे वाटतं, दमलेला माणूस डोळ्यांत पाणी न काढता दमलेला कसा दिसतो, हे शिकण्यासारखं आहे. आणि ते शिकता येतं, हे मी वर्गात पाहिलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ मध्ये डॉक्टर झाले आणि मुंबईला आले. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. चित्रकला त्यांनी कलाशाळेत घेतली नाही, स्वतः शिकले. फ्रेंच चित्रकार सेझानच्या चित्रांतलं वस्तूंचं वजन, तिथल्याच लेजेच्या चित्रांतले कामगार हे त्यांचे सुरुवातीचे गुरुजन म्हणता येतील. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झालं, त्यात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मालानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी यांच्याबरोबर ते होते. अमूर्त चित्रांचा दबदबा असताना माणसाची आकृती पुन्हा चित्राच्या मधोमध आणणारं ते प्रदर्शन. खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. पटवर्धनांचे स्नेही गीव पटेल हेही चित्रकार आणि कवी, पण व्यवसायानं डॉक्टर होते. आमच्या गावात 'चित्रकला घेऊन पोरगं करणार काय' असं विचारणाऱ्या पालकांना मी ही माहिती आवर्जून सांगते.

मूळ चित्रं मी पाहिली ती मुंबईत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. २०१९ च्या अखेरीला तिथे 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' हे त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन सुरू झालं होतं, नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं, ते फेब्रुवारी २०२० पर्यंत चाललं. हातकणंगल्याहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. सर कावसजी जहांगीर हॉलची ती जुनी इमारत बाहेरून ओळखीची असते, आत मात्र मजल्यावर मजले वळत वर घुमटापर्यंत जातात. त्यामुळे एकाच माणसाचं चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं काम पायऱ्या चढत बघायचं होतं. तोवर मी त्यांची चित्रं पुस्तकात आणि मोबाइलवर पाहिली होती. समोर उभी राहिले आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही की चित्रातली माणसं माझ्याएवढी आहेत, काही तर माझ्याहून मोठी. छापील कागदावर ती कुठलीतरी मुंबईतली माणसं होती. इथे ती माझ्या वाटेत उभी होती, बाजूला सरकल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मोजमापाचा हा परिणाम आहे आणि तो छापील चित्रात शून्य होतो. म्हणूनच या पत्राचा मथळा मी तसा दिला आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. सत्तरच्या दशकात त्यांनी जी कामकरी माणसं रंगवली, 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०) या काळातली, ती पाहताना माणूस कुठल्या पायावर उभा आहे, कुठल्या ढुंगणावर जास्त टेकून बसला आहे, हे आधी कळतं. त्याचा चेहरा नंतर. खांदे जड, मान आखूड, हातांचे पंजे मोठे. आकृती कॅनव्हास भरून टाकते, आजूबाजूला मोकळी हवा फारशी उरत नाही. जवळ जाऊन पाहिलं तर शर्टाच्या घडीत रंगाचे वेगवेगळे तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात, उजेडाचा एक, मधला एक, गडद एक. बोटानं घासून एकमेकांत मिसळलेले नाहीत. चार पावलं मागे आलं की तेच तुकडे मिळून कापडाखालचा दंड होतो, आणि त्या दंडाला हाड असतं.

हे हाड आमच्या मुलांच्या चित्रातून हरवलं आहे. ते कसं, हे सांगायला शासकीय रेखाकला परीक्षांकडे वळावं लागेल. महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेकांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आठवत असतील. त्यातला स्मरणचित्राचा पेपर मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तिथे मुलानं पाहिलेलं जग आठवून काढायचं असतं. बसथांबा, आठवड्याचा बाजार, नळावरची गर्दी, रंगपंचमी. विषय उत्तम आहेत. पण वर्षानुवर्षं या पेपरासाठी तयार साच्यातली माणसं पाठ करून घेण्याची रीत पडली आहे. डोक्यावर घागर घेतलेली एक बाई, छत्रीवाला एक पाठमोरा माणूस, बोट धरून चाललेलं एक मूल. पाठमोरा अशासाठी की चेहरा काढावा लागत नाही. बाजार असो, बसथांबा असो, तीच तिघं येतात, फक्त मागचं दृश्य बदलतं. बाजारपेठेत मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत ती रंगासकट छापलेली असतात. मुलं हुशार असतात, ती अचूक उतरवतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकांचाही आग्रह असतो. पण ज्या मुलानं दररोज नळावर आईबरोबर उभं राहून पाणी भरलं आहे, त्याच्या चित्रात त्याची आई येत नाही, पुस्तकातली बाई येते. स्मरणचित्रात स्मरण कुठे आहे?

पटवर्धनांच्या चित्रांचा मी वर्गात जो उपयोग केला तो इथे. कोणी म्हणेल शाळेतल्या मुलांना एवढ्या मोठ्या चित्रकाराचं तंत्र काय शिकवणार? तंत्र म्हणजे तैलरंगाचे थर नव्हेत. आमच्याकडे पोस्टर कलर असतात आणि कार्ट्रिज पेपर. पण आकृतीचा विचार कुठल्याही रंगात करता येतो.

सुरुवात बादलीपासून केली. एका मुलाला पाण्यानं भरलेली बादली उजव्या हातात धरून उभं केलं आणि बाकीच्यांना विचारलं, याचं शरीर काय करतंय? सगळ्यांनी हाताकडे पाहिलं. मग एकीच्या लक्षात आलं की डावा खांदा वर गेलाय. मग कुणी म्हणालं कंबर डावीकडे ढकलली गेलीय, आणि रिकामा डावा हात अंगापासून लांब गेलाय तोल सांभाळायला. मानेपासून निघून वजन पेलणाऱ्या पायाच्या टाचेपर्यंत जाणारी एक रेघ मी फळ्यावर काढली. आधी ही रेघ, मग बाकीचं सगळं. नाकडोळे शेवटी, वेळ उरला तर. ही रेघ बरोबर पडली की मूल घाबरत नाही, कारण पुढे जे काही येईल ते उभं राहणार असतं.

मग मुलांना घरी पाठवलं, घरातल्या कुणालाही काम करताना बघून काढा म्हणून. आमचं गाव यंत्रमागाचं. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरी कुणी ना कुणी मागावर आहे. माग चालू असताना कामगार नुसता उभा नसतो. तुटलेला धागा सांधायला तो मागावर ओणवा होतो, पोट मागाच्या कडेला टेकलेलं, एक हात आधाराला, दुसरा आत ताण्याच्या उभ्या धाग्यांत घातलेला, भार चवड्यांवर. कान आवाजाकडे, कारण शेजारच्या मागाचा ठेका चुकला तर तिकडे पळायचं असतं. ही स्थिती कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात नाही. मुलांनी ती काढून आणली. कच्ची होती, पण त्यात एकही पाठमोरा छत्रीवाला नव्हता.

आठवीतल्या एका मुलीनं तिची आई काढली होती, कांड्या भरण्याच्या मशीनसमोर उभी. या चित्राबद्दल जरा सविस्तर लिहिते. चेहरा लहान, खाली झुकलेला, डोळे जवळपास मिटल्यासारखे. अंग एका साध्या उभ्या आकारात, साडीच्या निऱ्या तीन-चार रेघांत आटोपलेल्या. आणि उजवा हात चेहऱ्याच्या दीडपट मोठा. मनगट जाड, बोटं फाकलेली, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे सुताचा धागा, तो मात्र अगदी बारीक, टोक काढलेल्या पेन्सिलीचा. एवढ्या मोठ्या बोटांत एवढा बारीक धागा. पालकसभेला आई आली तेव्हा चित्र बघून म्हणाली, "बाई, पोरीनं माझा हात केवढा काढलाय." तक्रार नव्हती ती, हसून म्हणाली, आणि म्हणताना स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

शेजारच्या शाळेतल्या एका अनुभवी सहकाऱ्यांना मात्र ते चित्र मान्य झालं नाही. हाताचं प्रमाण चुकलंय, असंच काढत राहिली तर परीक्षेत गुण जातील, असं त्यांचं म्हणणं. पटवर्धनांच्या माणसांबद्दलही त्यांचा आक्षेप तोच, बेढब आहेत, मुलांना चुकीचं वळण लागेल. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे आणि या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. पटवर्धन तीस वर्षं एक्स-रे वाचत होते. दंडाच्या हाडाची लांबी किती, खांद्याचा सांधा कुठे बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हात मोठा होतो तो माहीत नसल्यामुळे नव्हे. ज्या अवयवातून काम होतंय, ज्यावर भार येतोय, तिथे चित्रकार आपलं लक्ष जास्त वेळ ठेवतो आणि पाहणाऱ्यालाही तिथे थांबायला लावतो. तो निर्णय असतो. माझ्या विद्यार्थिनीनंही निर्णयच घेतला होता. तिला मी विचारलं, तर म्हणाली, आईचं सगळं काम बोटांत असतं, चेहऱ्याकडे मशीनवर कोण बघतंय?

सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढं की मूळ प्रमाण माहीत असल्याशिवाय ते मोडता येत नाही. साडेसात डोक्यांचा माणूस, म्हणजे डोक्याच्या साडेसातपट उंचीचा, मीही शिकवते, आणि आधी शिकवते. पण साडेसात डोक्यांचा, सरळ मानेचा, रुंद छातीचा तो माणूस तीस वर्षं मागावर वाकलेल्या कामगाराच्या अंगाशी जुळत नाही. त्याची मान पुढे आलेली असते, पाठीला पोक असतं, गुडघे बाहेर वळलेले असतात. प्रमाणाचा तक्ता समोर ठेवून हा माणूस काढला तर तो सुधारलेला निघतो, म्हणजे त्याच्या अंगावरची सगळी वर्षं पुसली जातात. त्या पुसण्याला मी बरोबर चित्र म्हणणार नाही.

एक धोका मात्र लवकरच दिसला. पटवर्धनांची चित्रं मुलांना आधी दाखवली की पुढच्या तासाला वर्गभर मोठाले पंजे. सुईत दोरा ओवणाऱ्या आजीचे पंजे मोठे, क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचे मोठे, झोपलेल्या माणसाचेसुद्धा मोठे. म्हणजे एक साचा गेला आणि दुसरा आला. म्हणून आता क्रम उलटा ठेवते. आधी मुलांनी पाहायचं, काढायचं, अडायचं. माणूस बसलेला दिसत नाही, तरंगतोय, काय करू, असं मूल स्वतः विचारतं, तेव्हाच मी त्याच अडचणीशी झुंजलेलं चित्र त्याच्यासमोर ठेवते. तेव्हा मुलाला चित्रात बरोबर ती जागा दिसते, मांडी आणि बाकडं जिथे एकमेकांना भिडतात ती. तेवढंच घेऊन ते आपल्या कागदाकडे परत जातं.

चेहऱ्याबद्दलही असंच. भाव म्हणजे चेहऱ्यावरचा भाव, अशी आपली पक्की समजूत. मुलांच्या चित्रात दुःखी माणसाच्या गालावर थेंब असतात आणि आनंदी माणसाच्या तोंडाचा चंद्र वर वळलेला. पटवर्धनांची माणसं सहसा हसतही नाहीत, रडतही नाहीत. गर्दीत असतात आणि प्रत्येकाची नजर वेगळीकडे. आपण लोकलमध्ये किंवा एसटीत असतो तसे, शेजारी बसलेले आणि आपापल्या आत. मग त्यांच्याबद्दल काहीतरी दाटून येतं ते कशामुळे? वर्गात आम्ही एक प्रयोग करतो. मुलांच्या चित्रातल्या माणसांचे चेहरे कागदाच्या पट्टीनं झाकायचे आणि विचारायचं, आता सांगा याचं काय चाललंय. खांदे, पाठ, गुडघ्यांमधलं अंतर, पिशवी धरायची तऱ्हा, यावरून सांगता आलं तर आकृती जमली. नाही आलं तर चेहऱ्यानं सगळं ओझं एकट्यानं उचललं होतं. एसटी स्टँडवर स्केचिंगला नेते तेव्हाही सांगते, चेहरा काढायचाच नाही. लोकांनाही बरं वाटतं, कुणी टक लावून आपला चेहरा टिपत नाही म्हणून.

शहराच्या चित्रांबद्दल थोडं. 'टाऊन' (१९८४), ठाण्याच्या पोखरण भागाचं 'पोखरण' (१९९१), गिरण्या जाऊन मनोरे येण्याच्या काळातलं 'लोअर परळ' (२००१), पुढे सात फलकांचं 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' (२०१४). यथार्थदर्शनाच्या धड्यात आपण रुळांचे दोन पट्टे दूरवर एका बिंदूत मिळवतो आणि सगळं दृश्य एका जागी खिळलेल्या एका डोळ्यानं पाहतो. या चित्रांत डोळा फिरतो. रस्ता समोरून दिसतो, इमारत बाजूनं, पलीकडची वस्ती पुलावरून पाहावी तशी वरून, आणि तरी सगळं एका कॅनव्हासवर नांदतं. लघुचित्रांत हे आहे, इटलीतल्या सिएनाच्या नगरभवनातल्या लोरेन्झेत्तीच्या चौदाव्या शतकातल्या भित्तिचित्रात आहे. म्हणजे यात परकं काही नाही. आपण चालत चालत जसं गाव पाहतो तसंच आहे. आमच्या मुलांनी शाळेच्या गच्चीवरून, गल्लीच्या तोंडातून आणि सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्याच्या भिंतीलगत बसून अशी वेगवेगळी स्केचेस केली आणि एका मोठ्या कागदावर जोडली. जिथे दोन नजरा भेटतात तिथे रेषा वाकवावी लागते. ती कुठे वाकवायची यावर मुलांची जी भांडणं झाली, ती माझ्या नोकरीतल्या सगळ्यात आनंदाच्या तासांपैकी आहेत.

रंगाबद्दल एवढंच सांगते की भिंत पिवळी, पत्रा निळा, माणूस गुलाबी, असे डबीतले रंग घेऊन मुलं बसली की मी त्यांना खिडकीतून समोरच्या शेडच्या भिंतीकडे पाहायला लावते. त्या भिंतीत किती रंग आहेत ते मोजून थकायला होतं.

आता, या सगळ्यात वर्तमानपत्राचं काय काम, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. सांगते. आमच्या मुलांना मूळ चित्र बघायला मिळत नाही. कोल्हापूरला आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची परंपरा आहे, शाहू स्मारकात प्रदर्शनं होतात, जलरंगातली निसर्गचित्रं पाहायला मिळतात, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण आजच्या काळातलं, मोठ्या आकाराचं, माणसांनी भरलेलं चित्र बघायचं तर मुंबई गाठावी लागते, आणि ते आठवीतल्या मुलाला परवडणारं नाही. पटवर्धनांनी स्वतः हे ओळखलं होतं. २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय कलाकृतींचं प्रदर्शन त्यांनी निवड करून महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरवलं. मूळ कलाकृती, गावोगावी. ज्यांची चित्रं काढली त्या माणसांना ती बघता यावीत, ही त्यांची तळमळ पहिल्यापासूनची आहे. असं प्रदर्शन पुन्हा निघावं म्हणून शासनाकडे, कलासंस्थांकडे मागणी करायला आपल्या वर्तमानपत्राचा आवाज हवा आहे. आज जी मुलं शाळेत आहेत त्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

प्रदर्शन निघेल तेव्हा निघेल. तोवर जे आपल्या हातात आहे ते तरी व्हावं. सध्या मुलांच्या डोळ्यांसमोर सतत असतात ती मोबाइलवरची पेन्सिल-पोर्ट्रेट्स, नटनट्यांच्या फोटोवरून केस न् केस हुबेहूब काढलेली. गणपतीत मंडळांच्या स्पर्धांमध्ये बक्षिसंही त्यांनाच. त्या चिकाटीला मी नावं ठेवत नाही. फोटोचा आधार घेणं गैर आहे असंही नाही, पटवर्धनांनीही शहराची चित्रं करताना स्केचबरोबर फोटोंचा आधार घेतला आहे. पण फोटो तिथे टिपण असतो, चित्र नंतर सुरू होतं. मुलांना हा फरक सांगणारं, दाखवणारं मराठीत त्यांच्या हाती काय पडतं? पेपर घरोघरी जातो. कामगाराच्या घरी, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये जातो.

म्हणून विनंती अशी. महिन्यातून एकदा रविवारच्या पुरवणीत अर्धं पान एका चित्राला द्या. चित्र रंगीत आणि ओळखू येईल एवढं मोठं छापा. त्याखाली चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम आणि लांबी-रुंदी फुटांत द्या, म्हणजे मुलं ते भिंतीवर मोजून बघतील. चित्रकाराचं चरित्र चार ओळींत आटपा. बाकीच्या जागेत लिहिणाऱ्यानं एवढंच सांगावं की हे केलं कसं, नजर आधी कुठे जाते आणि का, भार कुठे आहे, काय मोठं केलंय, काय गाळलंय. हे लिहिण्यासाठी समीक्षकच हवा असं नाही. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, सावंतवाडी इथल्या कलाशाळांत आणि शाळांत असे शिक्षक आहेत जे रोज हेच मुलांशी बोलतात. त्यांना लिहितं करा. आणि सुरुवात हयात असलेल्या चित्रकारांपासून करा, म्हणजे मुलांचे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचवता येतील. माझ्या वर्गाकडे पटवर्धनांसाठी प्रश्न तयार आहेत. त्यातला पहिला त्याच कांडीवाल्या आईच्या मुलीचा आहे: गर्दी काढताना तुम्ही सगळ्यात आधी कोणाला काढता, पुढच्याला की मागच्याला?

आपली,
एक कलाशिक्षिका,
इचलकरंजी